दूध तोडताना

३ जून

प्रिय शेंडेफळ,

इतक्या दिवसांनी माझं पत्र पाहून तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघशील, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. मी, तुझी वहिनी, दोघंही ठणठणीत आहोत.

काम काढलंय. आता तू म्हणशील, कामाशिवाय दादा कशाला लिहील. म्हण, ऐकून घेतो. आमच्या प्रशिक्षण कार्यालयातर्फे नव्याने डुकरं पाळणाऱ्यांसाठी एक पुस्तिका निघतेय, 'डुक्करपालनातील नेहमीचे शब्द' नावाची. मसुदा तयार झाला, साहेबांनी वाचला आणि विचारलं की 'नवजात पिलांचे स्तनक्रम-निर्धारण' याला शेडमधला माणूस काय म्हणतो? आठ जणांच्या बैठकीत सगळे टेबलाकडे बघायला लागले. मला उत्तर येत होतं. पण तुला माहीतच आहे, मी इथे वडिलांची शेती होती असं सांगत आलोय. मी म्हणालो, माझी एक बहीण या धंद्यात आहे, तिला विचारतो. लगेच सगळं काम माझ्या गळ्यात पडलं. जमलं तर मला पुढची जागाही मिळेल असं दिसतंय.

तर सोबत तक्ता जोडलाय. डावीकडे कार्यालयाचे शब्द आहेत, उजवीकडची जागा तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. फोनवर हे जमायचं नाही, लिहूनच पाठव. आणि नुसता शब्द नको, दोन ओळीत काय ते समजावही. तू बोलतेस तसंच लिही. शुद्धलेखन मी बघतो.

ठिपकी आता कितवीत गेली? उंची किती झाली असेल? तुझी वहिनी परवा विचारत होती, तिच्या पायाचं माप काय म्हणून. तेवढंही कळव.

तुझा,
दादा


१४ जून

दादा,

पाकीट खरंच उलटंसुलटं केलं. आपले गडीकाका शेजारी उभे होते, तेही घाबरले. गेली वीस वर्षं शेडवर आहेत, आपल्या घरी पत्र आलं की काय होतं हे त्यांना माहीत आहे.

वडिलांची शेती होती हे तू खरंच सांगितलंस. आपल्या शेतात उगवायचं ते चार पायांवर पळायचं, एवढाच फरक. असो. नाकाने कांदे सोलण्याची तुझी सवय लहानपणापासूनची. शाळेत जायच्या आधी तू तीनदा हात धुवायचास, आणि मी तशीच जायचे.

तक्ता भरलाय. थोडं इथे लिहिते, कारण तुझ्या चौकटीत मावत नाही.

तुम्ही 'ऋतुकाल' लिहिलंय. आम्ही माज म्हणतो. मादी माजावर आली की कान ताठ करून दगडासारखी उभी राहते, पाठीवर बसलं तरी हलत नाही. माणसाला माज आला की तो जागेवर राहत नाही. यावरून दोघांतला फरक ओळखावा.

गाभण. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. ठिपकीला पाढ्यांच्या आधी हे पाठ होतं.

दबलेलं. आईच्या अंगाखाली येऊन गेलेलं पिल्लू. तिची चूक नसते. ती थकून आडवी होते आणि तिला मागे बघता येत नाही. म्हणून भिंतीला लोखंडी दांडा बसवतात, पिलांना सरकायला जागा राहावी म्हणून.

सड धरणं. हेच ते तुमचं लांबलचक नाव. पिलं जन्मली की दोन दिवस दूध प्यायला भांडतात, तिसऱ्या दिवशी ज्याचा सड त्याचा होतो आणि मग कुणी कुणाच्या जागेवर जात नाही. पुढच्या सडांना दूध जास्त असतं. तिथे धटिंगण लागतात. मागे कोपऱ्यात जो उरतो तो सर्वांत लहान पिलाचा.

त्या पिलाला आपण काय म्हणतो ते तुला ठाऊक आहे. शेंडेफळ. बाकीच्या जगात धाकट्या लाडक्याला म्हणतात, आपल्या शेडमध्ये मागच्या सडाच्या किरट्या पिलाला. बाबांनी हा शब्द आधी मला दिला की पिलाला, हे विचारून घ्यायला हवं होतं. आता बाबा नाहीत. तू पुढच्या सडाला होतास हे मी रागाने लिहीत नाही, दादा. सड ठरलेले असतात.

ठिपकी चौथीत गेली. गालावरचा तीळ तिच्याबरोबर वाढतोय, त्यामुळे नाव अजून शोभतं. सध्या तिने एक शेंडेफळ बुटांच्या खोक्यात घालून चुलीमागे ठेवलंय आणि दर दोन तासांनी बाटलीने पाजतेय. मी म्हटलं, हे जगायचं नाही. ती म्हणाली, आत्या, तू जगलीस की. 

तिचा पाय कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवलीय, तो कागद जोडलाय. जोडे पाठवणार असशील तर एक बोट मोठेच पाठव.

तुझी,
शेंडेफळ


२५ जून

प्रिय शेंडेफळ,

तुझं पत्र म्हणजे खाणच निघाली. माजाचं वाक्य साहेबांनी दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा स्वतः वाचून दाखवलं. मी तुझी बाजू सांगता सांगता पहिल्यांदा बोलून गेलो की मीही तिथेच वाढलो. कुणी नाक दाबलं नाही. उलट आता शंका असली की लोक माझ्याकडे येतात. इतकी वर्षं उगाच हात धुतले असं वाटलं.

दोन शब्द मात्र नीट हवेत. एक 'दाई', म्हणजे परकी पिलं पाजणारी मादी. दुसरा 'दूध तोडणे', म्हणजे पिलं आईपासून वेगळी करणं. यात सगळ्यांत जास्त चुका होतात असं साहेब म्हणतात. तुम्ही नेमकं कसं करता? मादी गोंधळ घालत नाही का? किती दिवसांनी शांत होते? पायरी पायरीने लिही.

आणखी एक किरकोळ काम. कार्यालयात सगळ्यांच्या कुटुंबाच्या नोंदी नव्याने भरून घेताहेत. ठिपकीचा जन्मदाखला तुझ्याकडेच आहे. तो पाठवून दे. नक्कल चालत नाही म्हणतात.

जोडे घेतले. लाल आहेत.

तुझा,
दादा


६ जुलै

दादा,

दाखला जोडलाय. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत होता. नोंदी झाल्या की परत पाठव, शाळेत कधी मागतील सांगता येत नाही.

लाल जोड्यांची बातमी तिला सांगितली. शेडमध्ये घालून जाणार म्हणाली. 

आता दाई. एखादी मादी विताना गेली किंवा तिला पिलं जास्त झाली, की उरलेली दुसरीला लावायची. सगळ्याच माद्या घेत नाहीत. ज्या घेतात त्या दाई. पण पिल्लू तिच्यापुढे टाकलं आणि झालं, असं होत नाही. ती वासाने ओळखते. परकं पिल्लू आलं की नाकाने उडवते, कधी चावतेही. म्हणून त्याला वास चढवायचा. तिच्या खालचा पेंढा घ्यायचा, तिच्या पिलांच्या अंगाखालचा, ओला, घाण, आणि त्याने पिल्लू चोळून काढायचं. मग अर्धा दिवस तिच्या पिलांत एका टोपलीत ठेवायचं. नंतर सगळी एकदम सोडायची. ती हुंगते, पुन्हा हुंगते, आणि आडवी होते. एकदा आडवी झाली की तिच्या लेखी हिशेब मिटला. आपलं कुठलं नि परकं कुठलं हे तिला पुन्हा सांगता येत नाही.

तुला आठवतं का ठाऊक नाही. पहिल्या वहिनी गेल्यावर तू ठिपकीला घेऊन आलास, तेव्हा ती चाळीस दिवसांची होती. चार महिने सांभाळ म्हणालास. ती कुणाच्याच खांद्यावर राहीना, रडून निळी पडायची. बाबा म्हणाले, अगं, वास चढव तिला. मी डोक्याला बांधायचा शेडमधला रुमाल सोडला आणि तिला त्यात गुंडाळलं. तू तोंड वळवलंस, घाण वास येतोय म्हणून. ती मात्र झोपली. नऊ वर्षं झाली त्याला.

दूध तोडणं. यात एकच गोष्ट सांभाळायची. आईसमोर पिलं उचलायची नाहीत. एक जरी ओरडलं तरी ती दार तोडते. गडीकाकांच्या पोटरीवर अजून वण आहे. आधी आईला हलवायचं. रोजच्या माणसाने, रोजच्या आवाजात बोलवायचं, आणि दुसऱ्या टोकाच्या कप्प्यात तिच्या आवडीचं काहीतरी घालायचं. ती खाण्यात रमली, पाठ वळली, की मगच इकडे पिलं काढायची. ती परत येते तेव्हा कप्पा रिकामा असतो. पेंढा उकरून बघते. मग दाराशी उभी राहून हाका मारते. खात नाही. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी शांत होते.

मला हे काम आवडत नाही. पण करावं लागतं, म्हणून नीट करते.

तुझी,
शेंडेफळ


२० ऑगस्ट

प्रिय शेंडेफळ,

पुस्तिका छापून झाली. आतल्या पानावर तुझं नाव आहे, 'विशेष साहाय्य' असं लिहून. माझ्या नावाच्या बरोबर खाली. साहेबांचं म्हणणं पडलं की प्रकाशनाला तू आलीच पाहिजेस. १२ सप्टेंबरला सकाळी अकराला आहे. तुला मंचावर बसायचंय आणि दोन शब्द बोलायचेत.

तिकीट जोडलंय, जाण्याचं आणि येण्याचंही. राहायची सोय कार्यालयाने विश्रामगृहात केलीय. आमच्याकडे रंगकाम चाललंय, एक खोली पूर्ण रिकामी केलीय, तुला रंगाच्या वासाने डोकेदुखी होईल. दुसऱ्या दिवशी मी रजा घेतो. तुला शहर दाखवतो, तू काही म्हणजे काही पाहिलेलं नाहीस. चौदाला सकाळी परत जा.

ठिपकीला आणू नकोस. चौथीचं वर्ष आहे, शाळा बुडवायची नाही. समोरच्या बाईंकडे ठेव दोन रात्री. शेड गडीकाकांवर सोड. नऊ वर्षांत तू एक दिवस घर सोडलं नाहीस. आता माझं ऐक.

तुझा,
दादा


२८ ऑगस्ट

दादा,

येते.

आधी नाही म्हणणार होते. दोन माद्या त्याच आठवड्यात विणार आहेत, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी मी बाहेर पडायचं म्हटलं की पाण्याचा पंप बिघडतो. पण गडीकाका म्हणाले, जा, मी काय पहिल्यांदा बघतोय का. आणि ठिपकीने तर ऐकूनच घेतलं नाही. निळी साडी तिने काढून ठेवलीय. मंचावर बोलायचं भाषण तिने लिहून दिलंय, साडेतीन ओळींचं. त्यात तुझा उल्लेख आहे, 'माझे दादा म्हणजे ठिपकीचे बाबा' असा.

मला कुणी कधी नाव घेऊन पुढे बोलावलेलं नाही, दादा. शाळेतही नाही. तिकीट मी दोनदा उघडून पाहिलं. हसू नकोस.

ठिपकीची एकच अट आहे. माझा रुमाल तिच्याकडे राहणार. दोन रात्री बाईंकडे झोपायचंय, बाईंच्या उशीला साबणाचा वास येतो म्हणते. दप्तरात घालून शाळेतही नेणार. वर्गात पोरं चिडवतील म्हटलं, तर म्हणाली चिडवू देत.

तिचे लाल जोडे मी आले की देशील ना? पायाचा आकार पाठवून अडीच महिने झाले. तेवढ्यात पाय थोडा वाढलाय.

तुझी,
शेंडेफळ


१७ सप्टेंबर

प्रिय शेंडेफळ,

परवा फोनवर ठिपकी माझ्याकडे आहे एवढं सांगितलं आणि तू ठेवून दिलास.  म्हणून लिहितोय. शांतपणे वाच.

ती माझी मुलगी आहे. यात लपवाछपवी नाही, कागदोपत्रीही तेच आहे. मुख्याध्यापकांनी दाखला पाहिला, तुझ्या वहिनीचं ओळखपत्र पाहिलं, माझं पत्र वाचलं आणि ठिपकीला तिच्याबरोबर सोडलं. सगळं रीतसर झालं. इथल्या शाळेत प्रवेश घेतलाय, खोली रंगवून ठेवलीय, टेबल आहे, खिडकी आहे. तुझ्याकडे तिला काय मिळालं असतं? दहा वर्षांनी गमबूट घालून तिनेही घाण ओढली असती. तुला हे पटत नसेल असं मला वाटत नाही.

तू म्हणशील, सांगून का नेली नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते तूच लिहून कळवलं होतंस. एक जरी ओरडलं तरी ती दार तोडते. मला तुम्हा दोघींची रडारड नको होती. तिच्यासमोर तुझी आणि तुझ्यासमोर तिची. मी बराच विचार करून हे केलं. तू मंचावर होतीस तेव्हा ती गाडीत बसली होती. दुसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर संग्रहालय पाहत होतीस तेव्हा ती इथे घरी होती. मला ते दोन दिवस सोपे गेले असं समजू नकोस.

पहिले तीन दिवस ती जेवली नाही. आता थोडं खाते. काल विचारलं, आत्याला माहीत आहे का? मी हो म्हटलं.  जोडे घट्ट होतात, बदलून आणू.

तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाठव. कपडे पाठवायची गरज नाही. काही दिवस तिला पत्र लिहू नकोस, फोनही नको. तिचं मन इथे लागायला हवं. तो रुमाल तिने दप्तरातून आणलाय, उशाखाली ठेवते. तुझ्या वहिनीने दोनदा धुतला, तरी वास पूर्ण जात नाही म्हणते.

तूही सावरशील. कामात मन घाल. पुस्तिकेला फार मागणी आहे, दुसरी आवृत्ती लगेच निघतेय. पहिलीत काही चुका राहिल्या असतील तर वेळ मिळेल तेव्हा कळव.

तुझा,
दादा


२ ऑक्टोबर

दादा,

शाळा सोडल्याचा दाखला जोडलाय. मुख्याध्यापकांनी डोळे वर न करता सही केली.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, हा शब्द तुझ्या पुस्तिकेत नाही. आपल्या धंद्यात तो लागत नाही. आपण सुरी धुऊन, धार लावून कापतो, आणि कापतोय असं म्हणतो.

मी वकिलाकडे गेले होते. हो, मी. निळी साडी नेसून गेले. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, तुमच्याकडे कागद काय आहे? मी म्हटलं, होता. तो काय समजायचं ते समजला. जिना उतरताना मला तुझी सगळी पत्रं ओळीने आठवली. उंची, पायाचं माप, दाखला, रंगकाम. रोजच्या माणसाने, रोजच्या आवाजात. मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, पायरी पायरीने. मंचावर माझ्या हातात गुच्छ दिला तेव्हा तू पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघत होतास. मला वाटलं, भाषण लांबलं. साडेतीन ओळी लांबल्या असं वाटून मी शेवटची गाळली. ती तुझीच ओळ होती.

चुका कळवायला सांगितल्या आहेस. कळवते.

पान सहा. 'शेंडेफळ : वेतातील सर्वांत अशक्त पिल्लू. जोपासना फायद्याची नसते.' दुसरं वाक्य माझं नाही. मी पाठवलेल्या तक्त्यात नव्हतं. तू घातलंस. चुलीमागचं पिल्लू जगलं, हे तुझ्या मुलीला सांग. बारा किलोचं झालंय आणि संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसतं. यापुढे मला त्या नावाने लिहू नकोस.

पान अकरा. 'दाई : दुसऱ्या मादीची पिले तात्पुरती पाजणारी मादी.' तात्पुरती काढ. असा शब्द शेडमध्ये नाही. मी तुला लिहिलं होतं की एकदा आडवी झाली की तिच्या लेखी मिटलं. ते तू वाचलंस आणि छापताना एक शब्द पुढे चिकटवलास. चार महिने म्हणाला होतास, त्यातूनच तो आला असणार.

पान बारा. 'दूध तोडणे.' इथे चूक माझी आहे, म्हणून नीट लिहिते, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त कर. मी लिहिलं होतं, मादी तीन दिवस हाका मारते, चौथ्या दिवशी शांत होते. तुम्ही तसंच छापलंय, ठळक अक्षरात. बाबा तसं म्हणायचे, मीही म्हणत आले, आणि कुणी कधी तपासलं नाही. चौथ्या दिवशी ती माजावर येते, दादा. आपण तिला तिथून काढतो आणि नराकडे नेतो. पुन्हा तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. ती शांत होत नाही. आपण तिला दुसऱ्या कामाला लावतो, आणि आपल्या कानांवर हाका येत नाहीत, त्याला आपण शांत झाली म्हणतो.

मला लावायला दुसरं काम नाही. त्यामुळे हे मला आता कळलं. आज विसावा दिवस आहे. मी तिचा पलंग उकरून बघते, हे गडीकाकांनी पाहिलं आणि ते बाहेर गेले.

आणि पिलाचं मी लिहिलं नव्हतं. तू विचारलं नव्हतंस. तू फक्त मादी किती दिवस गोंधळ घालते एवढंच विचारलंस. वेळेआधी तोडलेलं पिल्लू ओरडत नाही. नव्या कप्प्यात गप्प राहतं, खातं, वजनही भरतं. लोकांना वाटतं, रुळलं. पण ते दुसऱ्या पिलांच्या पोटाला नाक घासत राहतं, दिवसभर, त्यांची कातडी सोलेपर्यंत. जिथे दूध नाही तिथे. मोठं झालं तरी ते जात नाही. त्यालाही आपल्याकडे शब्द नाही. तुझ्या कार्यालयात असेल तर तिच्या खोलीच्या दारावर लिहून ठेव, म्हणजे पुढे कधी तिला दोष देणार नाहीस.

मी पत्र लिहिणार नाही तिला. फोनही करणार नाही. मी दार तोडून आले तर तुम्ही तिला आणखी लांब हलवाल, हे मला या धंद्याने शिकवलंय. एवढी एक गोष्ट मात्र ऐक, मी तुझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.

रुमाल धुवू नका.

दाई